दोन अक्षरांचा कूम

दानिलोवग्रादमध्ये ब्लागोता ब्रायोविचला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. गाव त्याला 'सहाशे शहात्तर' म्हणायचं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढउतार करून निवृत्त झालेल्या साध्या माणसाला असलं नाव का पडावं? तर त्याच्याच तोंडामुळे. कोणी कॉफीला बोलावलं, कोणाकडे लग्न निघालं, अगदी कोणाच्या मयताला गेला तरी शवपेटीपासून चार पावलं लांब येताच ब्लागोता समोरच्याच्या कोटाचं बटण धरायचा आणि सुरू व्हायचा.

"रोमन अक्षरं किती? सव्वीस. दोन अक्षरांची नावं किती होतील? सव्वीस गुणिले सव्वीस. सहाशे शहात्तर. एक कमी नाही, एक जास्त नाही. जगात माणसं वाढतात, मोटारी वाढतात, गाढवं तर वाढतातच. ही नावं वाढत नाहीत. आणि त्यांतलं एक माझ्या खिशात आहे."

समोरचा हळूच आपलं बटण सोडवून घ्यायचा.

खिशात होतं म्हणायचा ते मात्र खोटं नव्हतं. देश वेगळा झाला तेव्हा नवा झेंडा आला, नवे शिक्के आले, आणि इंटरनेटवरच्या पत्त्यांना लावायला देशाचं स्वतःचं शेपूटही आलं. आधी टिंब, पुढे एम आणि ई, म्हणजे 'मे'. इंग्रजी बोलणारे ते 'मी' असं वाचतात आणि त्यांना वाटतं, वा, हे तर आपल्याच नावाचं. म्हणून या शेपटाला परमुलखात भाव आला. आमच्याकडे 'मे' तो 'मे'च. नावं विकायला खुली झाली त्या दिवशी ब्लागोता कचेरीतल्या संगणकासमोर दोन तास घाम गाळत बसला आणि त्याने एकच नाव उचललं, के आणि यू या दोन अक्षरांचं. कु.मे.

ते इथे कोणीही वाचलं तरी 'कुमे' असंच वाचणार, आणि कुमे म्हणजे काय हे इथल्या शेळीलाही ठाऊक आहे. लग्नात नवऱ्याच्या बाजूला जो उभा राहतो, पोराच्या बाप्तिस्म्याला जो त्याला हातात घेतो, तो कूम. रक्ताचा कोणी नाही, पण भावाशी भांडलं तर चालतं आणि कुमाशी भांडलं तर चालत नाही. कूम हे नातं, कुमे ही हाक. इथल्या भाषेत हाक मारायला वेगळी विभक्ती आहे, मराठीतल्या संबोधनासारखी. आता कुमाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, आणि कुमाकडून पैसे तर घ्यायचेच नसतात. याच कारणाने शहाणा कूम जन्मात काही मागत नाही. शेकडो वर्षांचा हा सगळा डोलारा त्या न मागण्यावर उभा आहे.

नाव आपलं राहायचं तर दर वर्षी फी भरायला लागायची, आणि दर वर्षी ती भरली की इकोनिया, म्हणजे ब्लागोताची बायको, स्वयंपाकघरातून एक वाक्य टाकायची. पहिल्या वर्षी म्हणाली, "दोनच अक्षरं घेतलीस? तिसरं महाग पडत होतं का?" पाचव्या वर्षी म्हणाली, "मिलुतिनने तेवढ्या पैशात मधमाश्यांच्या पेट्या घेतल्या. ते मध चाटतात. आपण काय चाटायचं ते सांग, म्हणजे चमचा आणते." दहाव्या वर्षानंतर ती बोलेनाशी झाली आणि फी भरल्याच्या दिवशी ताट तेवढं जोरात ठेवू लागली. ब्लागोताला टोमण्यांपेक्षा ते ताट जास्त लागायचं.

तिचाही काही दोष नव्हता. पावाच्या दुकानात रोज सकाळी बायका जमायच्या. कोणाच्या नवऱ्याने जमीन घेतली, कोणाच्या नवऱ्याने दारू सोडली, कोणाचा पुन्हा प्यायला लागला, सगळ्यांकडे सांगायला काहीतरी असायचं. मिलुतिनची बायको द्रागिन्या तर मुद्दाम विचारायची, "आणि तुमच्या सहाशे शहात्तरचं काय चाललंय?" इकोनिया पाव उचलायची आणि सुटे पैसे न मोजताच घरी यायची.

पंधरावं वर्ष लागलं तेव्हा तिने नवऱ्याला समोर बसवलं. "ऑक्टोबरअखेर लुचिंदानच्या सणाला तुझ्या फीची तारीख येते," ती म्हणाली. "तोवर विकलं तर विकलं. नाही विकलं तर सोडून द्यायचं, पुन्हा दमडी भरायची नाही. शब्द दे."

त्याने शब्द दिला. न देऊन करतो काय.

ब्लागोताला पैशाची हाव होती असं मात्र कोणी समजू नये. घर होतं, पेन्शन होती, अंगणात अंजिराचं झाड होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की एकदा, मरण्यापूर्वी निदान एकदा, इकोनियाने म्हणावं, "होतं बाबा तुझं बरोबर." त्यासाठी त्याने पंधरा वर्षं बटणं धरली होती.

आणि सप्टेंबरात देव पावला. हॉलंडमधून पत्र आलं, संगणकावर. 'कू' नावाची एक कंपनी होती, शहरांतून उभ्याने चालवायच्या विजेच्या स्कूटरी भाड्याने द्यायची. त्यांना कु.मे हवं होतं. दोन हजार युरो देऊ म्हणत होते, आणि खाली सही होती वाउटर नावाच्या कोणा अधिकाऱ्याची.

ब्लागोताने छाती फुगवून उत्तरात एकच ओळ लिहिली, 'सहाशे शहात्तर'. म्हणजे, बाबा रे, जगात अशी एवढीच आहेत, जरा समजून बोल. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'सहाशे शहात्तर युरो मान्य. कागद पाठवतो.' तो घोळ निस्तरण्यात एक आठवडा गेला.

या पत्रव्यवहारात त्याचा सल्लागार होता कर्स्तो, पुलाशेजारच्या कॅफेचा मालक. कर्स्तोने आयुष्यात कॉफीशिवाय काही विकलं नव्हतं, पण सल्ला द्यायला काय लागतं. दोघांनी मिळून हळूहळू भाव चढवला. दोनाचे आठ झाले, आठाचे पंधरा, पंधराचे तीस. तीसवर गाडी अडली. ब्लागोताला चाळीस हवे होते, कारण मिलुतिनने नदीकाठची जमीन अडतीसला विकली होती आणि द्रागिन्याने तो आकडा पावाच्या दुकानात वर्षभर पुरवला होता. चाळीसखाली गेलं तर इकोनियाला त्याचा काय उपयोग?

मग ऑक्टोबरात वाउटर स्वतःच आला. उंच, लालबुंद, लोण्यासारखा माणूस. पूर्वी नोकरीसाठी तीन वर्षं शेजारच्या, हीच भाषा बोलणाऱ्या देशात, नोव्ही सादमध्ये राहिला होता, त्यामुळे त्याला इथली भाषा यायची असं त्याचं मत होतं. शब्द बरेच यायचे, पण लिंग, वचन, विभक्ती या गोष्टी त्याने सामानाबरोबर तिकडेच ठेवल्या असाव्यात.

"तुमची गाव फार सुंदर आहेत," तो कर्स्तोच्या कॅफेत बसून म्हणाला. "मी खूप आवडली. पण माझा साहेबीण म्हणाला तीस. तीसपेक्षा वर तो मला मारते."

"चाळीस," ब्लागोता म्हणाला.

"तीस," वाउटर म्हणाला आणि हसला. तीन दिवस हेच चाललं. लुचिंदानला बारा दिवस उरले.

चौथ्या दिवशी वाउटर नदी बघायला गेला असताना कर्स्तोने फडकं खांद्यावर टाकलं आणि खुर्ची ओढून बसला. "त्याला कूम कर," तो म्हणाला.

"कोणाला?"

"डचाला. कूम कुमाशी घासाघीस करतो का? लाज वाटेल त्याला. तू चाळीस म्हणशील, तो चाळीस मोजेल आणि वर विचारेल, एवढ्यात भागेल ना, कुमे?"

"अरे, पण तो आपल्या धर्माचा नाही. बाप्तिस्म्याला पाद्री त्याला उभं करणार नाही."

"जावळाला कुठे पाद्री लागतो, भावा? आपले पणजोबा तुर्कांना जावळाचे कूम करायचे, वैर मिटवायला. तुझ्या पुतण्याचं पोर वर्षाचं झालं की नाही? केस मानेवर आलेत. कात्री माझ्याकडे आहे."

ब्लागोताला ही युक्ती इतकी आवडली की त्याने कॉफीचे पैसे दिले. खरं तर जावळाचा कूम ही आमच्याकडची जुनी सोय आहे. पोराच्या पहिल्या तीन बटा ज्याने कापल्या तो त्या घराचा कूम झाला, मग तो कुठल्या का धर्माचा असेना. आणि एका घराचा झाला की सगळ्या भावकीचा झाला. ब्रायोविचांची भावकी केवढी तर नुसते चुलतभाऊ जमवले तरी एक बस कमी पडेल.

घरी येऊन त्याने इकोनियाला बेत सांगितला. ती वांगी भाजत होती. तिने वांगं उलटवलं आणि म्हणाली, "कात्रीला दोन पाती असतात, माणसा."

"तुला धंद्यातलं काय कळतं?"

"धंद्यातलं नाही कळत. कुमातलं कळतं."

तिने वांगं उतरवलं, आणि ब्लागोता कोट चढवून वाउटरकडे निघाला.

वाउटरला विचारलं तेव्हा तो हरखून गेला. त्याच्या कंपनीने म्हणे सगळ्यांना एक शिबिर केलं होतं, त्यात सांगितलं होतं की आधी नातं जोडा, मग व्यवहार करा. इतक्या लवकर नातं जुळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. "सही कुठे करायची?"

रविवारी पुतण्या बालशाच्या अंगणात तीन लांब टेबलं जोडली. भावकीतली चाळीसेक माणसं आली, म्हणजे ज्यांना कळलं तेवढी. भावकीत सगळ्यांत वडील तोमाश काका. वय शहाऐंशी, कान मंद, आवाज मात्र घंटेसारखा. त्यांना मधोमध बसवलं. पोराचं नाव रादोश. त्याने कात्री पाहिली आणि असा टाहो फोडला की नदीपलीकडची कुत्री उत्तर देऊ लागली. वाउटरने तीन बटा कापल्या. चौथी कापायला निघाला तेव्हा बालशाने त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. मग वाउटरने पोराला भेट दिली. घडी घालता येणारी विजेची स्कूटर. रादोशला अजून नीट उभंही राहता येत नव्हतं. तोमाश काकांनी वाउटरचे तीनदा मुके घेतले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता तू आमचा, कुमे."

जेवणं सुरू झाली. वाउटर रकियाचे, म्हणजे इथल्या फळांच्या दारूचे, पेले मोजायचं विसरला. समोरच्या वाळवलेल्या मांसाचा तुकडा तोंडात टाकून तो म्हणाला, "हा मांस फार चांगली आहे." लगेच एका चुलतभावाने आत जाऊन आख्खी तंगडी आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. वाउटरने चीजचं कौतुक केलं, चीजचा गोळा आला. त्याने तोमाश काकांच्या काठीला हात लावला आणि "सुंदर" म्हणाला. म्हाताऱ्याने काठी त्याच्या हातात दिली आणि स्वतः टेबलाला धरून बसला. जवळून एक कोंबडा चालला होता, त्याच्याकडे वाउटरने नुसतं पाहिलं. कोंबड्याचे पाय बांधले गेले.

हे बघताना ब्लागोताने हातातला घास खाली ठेवला. त्याने कर्स्तोकडे पाहिलं. कर्स्तो आपल्या ताटात फार लक्ष घालून काहीतरी शोधत होता.

मग वाउटर पेला घेऊन उभा राहिला. रात्रभर खोलीत बसून त्याने एक वाक्य पाठ केलं होतं. त्याला म्हणायचं होतं, कूम, आता ते नाव मला विक. इथल्या भाषेत 'दे' आणि 'विक' यांत एका उपसर्गाचा फरक आहे. 'दे'च्या डोक्यावर 'प्रो' बसवला की 'विक' होतं. बिचाऱ्याने तो 'प्रो' पाठ केलाही असेल, पण रकियाच्या सातव्या पेल्यात तो बुडाला.

"कुमे," वाउटर म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने बरोबर लावलेली ही पहिली विभक्ती, आणि ती नेमकी इथे. टेबलाभोवतीच्या माणसांनी कौतुकाने माना हलवल्या. मग ब्लागोताच्या डोळ्यांत बघून तो खणखणीत म्हणाला, "ते कुमे मला दे."

चाळीस डोकी ब्लागोताकडे वळली. एका कुमाने, सगळ्या भावकीच्या देखत, तोंडाने मागितलं होतं. असं कोणी कधी करत नाही, म्हणून असं झाल्यावर काय करायचं याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती.

ब्लागोताला सगळं कळत होतं. याला 'विक' म्हणायचं होतं, हेही त्याला कळत होतं. तो म्हणू शकला असता, "अरे, त्याची जीभ घसरली." पण कुमाच्या शब्दाचं चारचौघांत व्याकरण काढणारा माणूस दानिलोवग्रादमध्ये अजून जन्माला यायचा आहे. त्याने दाराकडे पाहिलं. इकोनिया भाजीची मोठी थाळी घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. पंधरा वर्षांत त्याला तिची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"तुझंच आहे, कुमे," ब्लागोता म्हणाला.

टेबलावर मुठी आपटल्या, पेले भरले, तोमाश काकांनी डोळे पुसले. वाउटर आनंदाने नुसता फुलून गेला होता. इतक्या सहज सौदा जमला. त्याने पिशवीतून कागद काढला आणि ताटांमधून जागा करून तो ब्लागोतासमोर ठेवला. त्यावर आकडा होता, तीस हजार युरो.

"हे काय आहे?" तोमाश काकांनी विचारलं.

"पैसा," वाउटर म्हणाला. "तीस हजार. ब्लागोतासाठी."

"आमच्या घरचं अन्न खाऊन हा कुमाला पैसे दाखवतो?"

"त्याला समजलं नसेल, काका," बालशा म्हणाला. ब्लागोताने तो कागद दोन बोटांनी परत सरकवला, ताटातली माशी हाकलावी तसा.

वाउटरने त्या हाताकडे पाहिलं. त्याला वाटलं, अरेच्या, म्हातारा अजून ताणतोय. तो कुमाचा मान राखायला तयार होता. "पस्तीस," तो म्हणाला.

"नको," ब्लागोता म्हणाला.

"कूम, मी समजली. तू कडक माणूस." वाउटरने टेबलाखाली फोनवर काहीतरी टाइप केलं, वाट पाहिली, कपाळ पुसलं. मग पेन घेऊन त्याने कागदावरचा आकडा खोडला आणि वर नवा लिहिला. "चाळीस हजार. शेवटचा. साहेबीण हो म्हणाला, पण फार रडला."

चाळीस. कर्स्तोचा बेत तंतोतंत जमला होता. ब्लागोता त्या चारावरच्या शून्यांकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण खांबावर चढलोय, वरच्या तारेला हात पुरतोय आणि खालून कोणीतरी शिडी काढून घेतलीय. त्याला रडू येत होतं, आणि ते येतंय याचा त्याला संतापही येत होता.

"कुमे," तो म्हणाला, "खिशात ठेव. मला लाजवू नकोस."

मग उलटा बाजार भरला. असला बाजार त्या अंगणाने आधी कधी पाहिला नसेल. घेणारा पैसे घे म्हणून गयावया करतोय आणि देणारा त्याला खाली खाली पाडतोय. वाउटर म्हणाला, बरं, वीस तरी. ब्लागोता म्हणाला, नको. दहा. नको. वाउटरने वकिलाला फोन लावला आणि बराच वेळ त्यांच्या भाषेत खाकरल्यासारखं बोलला.

"वकील म्हणते फुकट चालत नाही," तो घामाघूम होऊन म्हणाला. "कागदावर किंमत पाहिजे. नाहीतर कायदा म्हणतो चोरी आहे."

"शून्य लिही," ब्लागोता म्हणाला.

"शून्य किंमत नाही."

"मग एक लिही."

"एक हजार?"

"एक."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुजबुज झाली. एका चुलतभावाला हेही पटलं नाही. "कुमाकडून एक युरो घेणार, ब्लागोता? म्हणजे शेवटी घेतलेच की."

अपमान करायची ही काय वेळ होती? पण ब्लागोता आता सगळ्याच्या पलीकडे गेला होता. त्याने कागदावर सही केली, वाउटरने पुढे केलेलं एक युरोचं नाणं उचललं, सगळ्यांना दाखवलं, खिशातून आणखी एक काढलं आणि दोन्ही नाणी वाउटरच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. पंधरा वर्षांची फी गेली ती गेली, वर एक युरोचा निव्वळ तोटा. संध्याकाळी वाउटर तंगडी, चीज, काठी आणि कोंबडा घेऊन टॅक्सीत बसला तेव्हाही तो मागे वळून बघत होता, कोणी थट्टा तर केली नाही ना आपली, अशा चेहऱ्याने.

घरी येताना पुलावरून दोघं शेजारी शेजारी चालले. घरी गेल्यावर इकोनियाने ताट ठेवलं नाही, कारण पोटं भरलेली होती. ब्लागोताने त्या ताटाची वाट पाहिली. जोरात आपटलं असतं तर निदान काय ते कळलं असतं.

सोमवारी सकाळी ती पाव आणायला गेली आणि तास झाला तरी आली नाही. ब्लागोता अंगणात फेऱ्या मारत राहिला. त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं, दुकानात द्रागिन्या विचारतेय आणि माझी बायको खाली मान घालून उभी आहे. हे माझ्यामुळे, असं त्याला वाटलं आणि राहवेना. त्याने कोट चढवला आणि तो निघाला. दुकानाच्या उघड्या दारापाशी पोचला, पण आत जायची छाती होईना, म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला. आतून इकोनियाचा आवाज येत होता. आवाज खाली बिली अजिबात नव्हता.

"तीसवर तो सुरू झाला. माझा नवरा म्हणाला, नको. पस्तीस म्हणाला. नको. चाळीस म्हणाला. अंगणात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. मग तो पन्नास म्हणाला."

"पन्नास हजार?" कोणीतरी विचारलं.

"युरो. मोजून समोर ठेवले. आणि माझा नवरा काय म्हणाला? म्हणाला, कुमे, खिशात ठेव, ब्रायोविच कुमाकडून पैसे घेत नसतात. आणि वर स्वतःचे दोन युरो त्याला टॅक्सीला दिले." मग तिचा आवाज गोड झाला. "मिलुतिनने जमीन केवढ्याला दिली होती ग, द्रागिन्या? मी विसरले."

द्रागिन्याला त्या दिवशी बाकीची कामं आठवली. दुकानवालीने इकोनियाकडून पावाचे पैसे घेतले नाहीत.

दुपारपर्यंत ही गोष्ट पूल ओलांडून गेली आणि पलीकडे ऐंशीला पोचली. कर्स्तोच्या कॅफेत तर एक लाखाच्या खाली कोणी बोलायला तयार नव्हतं. कर्स्तो स्वतः सांगायचा की सगळी कल्पना आपली होती. म्हणजे पंधरा वर्षं ब्लागोताच्या खिशात असताना त्या नावाचा भाव जेवढा चढला नाही, तेवढा ते गेल्यावर एका दुपारीत चढला. रस्त्यात माणसं टोपी काढून त्याला नमस्कार करू लागली. एकाने तर आपणहून आपल्या कोटाचं बटण त्याच्यापुढे धरलं. ब्लागोताला कुठे बघावं ते सुचेना, तो सरळ घरी आला.

इकोनिया टेबलाशी बसून त्याच्यासाठी चीज कापत होती. ताट तिने अगदी अलगद ठेवलं होतं. तो समोर बसला. त्याने काटा बाजूला ठेवला.

"पन्नास नव्हते," तो म्हणाला. "चाळीस होते."

"गप. तुला आकड्यांतलं काय कळतं."

"आणि ब्रायोविच असं करतात, ब्रायोविच तसं करतात, असलं मी काही म्हटलं नाही." त्याने ताट थोडं दूर सरकवलं. "इको, मी मोठेपणा केला नाही. मला देवाशपथ ते चाळीस हवे होते. त्याने कुमे म्हटलं आणि माझ्या तोंडातून आकडा बाहेरच येईना. एवढंच झालं. मूर्खपणा केला मी."

इकोनियाने चीजचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

"केलास," ती म्हणाली. "पण हा मूर्खपणा मला चारचौघींत सांगता येतो. पंधरा वर्षं करत होतास तो सांगता येत नव्हता."